पालखीचा पहिला खांदा

ताई,

मी २६ वर्षांचा. आम्ही आगरी, ठाणे-बेलापूर पट्टीतल्या एका गावठाणात राहतो. मी ऐरोलीला आयटीत कामाला आहे आणि रात्री कादंबरी लिहितो. तिच्यात एके दिवशी वीज जाते ती परत येतच नाही. नळ आटतात, एटीएम बंद पडतात, लोकल रुळांवर उभ्या राहतात. दीड महिन्यात शहर मोडतं. माझा नायक सगळं सोडून पारसिकच्या डोंगरावर जातो. आता त्याच्यावर कुणाची सत्ता नाही. जात नाही, घर नाही, बॉस नाही, 'लोक काय म्हणतील' नाही. इथपर्यंत दोनशे पानं झाली. पुढे ओळ सुचत नाही.

घरी वेगळंच चाललंय. चैत्रात आमच्या गावदेवीची जत्रा असते. पालखीचा पहिला खांदा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराचा. बाबांचे गुडघे गेलेत, त्यांना वाटतं यंदा मी उभं राहावं. मी नाही म्हणालो. माझा देवावर विश्वास नाही. शिवाय माझ्या मोठ्या बहिणीला हा मान कधी कुणी विचारला नाही, मग तो आपोआप माझ्याकडे कसा येतो? मी बाबांना जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज तत्त्वज्ञ ऐकवला, की रूढी आहे म्हणून एखादी गोष्ट करणारा माणूस निवड करतच नाही. बाबा म्हणाले, 'तू पुस्तकात जे शहर बुडवतोस ना, त्याच्याखाली आमचं गाव आधीच बुडालंय.' तेव्हापासून आमचं बोलणं 'जेवायला ये' आणि 'गाडीची चावी कुठंय' एवढ्यावर आलंय.

मी चुकतोय का? आणि कादंबरीचं काय करू?

– मोकळा होऊ पाहणारा


तू मला ताई म्हटलंयस, म्हणून अरे-तुरेच करते. आधी कादंबरीचं बोलू. पालखीचं उत्तर मला तिथूनच सापडतंय.

तुझा नायक डोंगरावर जाऊन बसला आणि लेखणी थांबली. तुला वाटतं सुचत नाहीये. मला वाटतं, तुझ्यातल्या लेखकाने तुझ्यातल्या वाद घालणाऱ्याचं ऐकणं बंद केलंय. ज्याला कुणाचं ऐकायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही, त्याची गोष्ट पुढे जाणार कशी? तो उठेल, पाणी शोधेल, काहीतरी खाईल, झोपेल. दुसऱ्या दिवशी तेच. त्याला सोडवायला तुला दोनशे पानं लागली, आणि सुटल्यावर त्याला करण्यासारखं काही उरलं नाही.

शहर मोडणाऱ्या गोष्टींत लेखकाला एक मोठी सवलत मिळते. एका रात्रीत पोलीस, पालिका, बँक, शेजारीपाजारी सगळ्यांना गायब करता येतं. मग जो उरतो तो 'खरा' माणूस, असा दावा असतो. टॉमस हॉब्जने हाच खेळ १६५१ मध्ये तत्त्वज्ञानात केला. इंग्लंडात यादवी पेटली होती, तो पॅरिसमध्ये बसून लिहीत होता. राज्यसत्ता काढून घ्या, म्हणाला, आणि बघा: माणसाचं आयुष्य एकाकी, दरिद्री, ओंगळ, पाशवी आणि अल्प होऊन बसेल. आपल्याकडे महाभारताच्या शांतिपर्वात त्याच्या कितीतरी आधी हेच आहे. दंड धरणारा राजा नसेल तर पाण्यात मोठा मासा लहान माशाला गिळतो तसं होईल. दोघांचं म्हणणं, राजा हवा. तुझं म्हणणं, राजा गेला ते बरं झालं. पण तुम्हा तिघांचं गृहीतक एकच आहे, की वरची सत्ता उचलली की खाली माणूस कोरा उरतो. हॉब्जला तो कोरा माणूस हिंस्र दिसतो, तुला तो मोकळा दिसतो.

तो कोरा असतोच कुठे?

१९६५ मध्ये टोंगा बेटांवरची सहा शाळकरी मुलं शाळेला कंटाळून एक होडी घेऊन पळाली. वादळात भरकटली आणि आटा नावाच्या निर्जन बेटाला लागली. पंधरा महिने तिथे राहिली. असं घडल्यावर मुलं एकमेकांच्या जिवावर उठतात अशी एक गाजलेली इंग्रजी कादंबरी १९५४ मध्येच येऊन गेली होती, त्यामुळे शेवट आपल्याला आधीच ठाऊक असल्यासारखा वाटतो. झालं भलतंच. मुलांनी कामाच्या पाळ्या लावल्या. विस्तव पेटवला आणि तो शेवटपर्यंत विझू दिला नाही. भांडण झालं की दोघांनी वेगवेगळ्या दिशांना जाऊन डोकं थंड करून यायचं, असा नियम केला. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी काटक्या बांधून तो बसवला. दिवसाची सुरुवात आणि शेवट गाण्याने नि प्रार्थनेने. सप्टेंबर १९६६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन जहाजाने त्यांना उचललं तेव्हा सहाही जण जिवंत होते.

मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा तपशील मात्र दुसराच वाटतो. मुलं बेटाच्या माथ्यावर चढली तेव्हा त्यांना जुन्या वस्तीची जागा सापडली. शंभरेक वर्षांपूर्वी, १८६३ मध्ये, गुलामांचा व्यापार करणाऱ्यांनी तिथली माणसं उचलून नेली होती, उरलेल्यांना टोंगाच्या राजाने दुसऱ्या बेटावर हलवलं आणि गाव ओस पडलं. त्या लोकांनी लावलेली अळकुडी आणि केळी रानात वाढत होती. त्यांच्या कोंबड्यांचे वंशज मोकाट फिरत होते. सहा मुलं त्यावर जगली. म्हणजे ज्या बेटाला आपण निर्जन म्हणतो तिथेही कुणीतरी आधी लावून गेलं होतं, आणि त्या लावणाऱ्यांचं स्वतःचं जग पार मोडून पडलेलं होतं. तुझ्या बाबांचं वाक्य आठव. त्याच्याकडे पुन्हा येतेच.

पण ही गोष्ट ऐकून हुरळून जाऊ नकोस. माणूस संकटात गाणी घेऊन येतो, तसा आणखीही काही घेऊन येतो. २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त झाला, आणि त्यानंतरच्या मदत छावण्यांमध्ये दलितांशी भेदभाव झाल्याच्या नोंदी आहेत. घर वाहून गेलं, होडी गेली, पोरं गेली, जात टिकली. म्हणून वीज गेल्यावर दीड महिन्यात तुझ्या नायकाची जात गळून पडते, यावर मी विश्वास ठेवणार नाही. तो डोंगरावर एकटा आहे म्हणून ती दिसत नाही, एवढंच. डोंगरावर दुसरा माणूस आण आणि दोघांपैकी आधी कोण ओंजळीने पाणी पितो ते लिही.

वीज गेल्याचा अनुभव तुला आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. लोकल जागच्या जागी थांबल्या. ऐन कोविडचे दिवस, रुग्णालयं जनरेटरवर. त्या काही तासांत कोण कुणाकडे गेलं, हे तुझ्या कादंबरीत कुठेच नाही. टॉवरच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला पंप लागतो. पंप बंद पडला की विसाव्या मजल्यावरची बाई कळशी घेऊन कुठे उतरणार? जवळच्या गावठाणातल्या विहिरीवर. ती विहीर गेल्या काही वर्षांत कुणी साफ केलीये का, तिच्यात निर्माल्य किती आणि प्लास्टिक किती, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. आणि विहिरीवर रांग लागली की गाववाले आधी की टॉवरवाले, हे कोण ठरवणार? इथे मला तुझी कादंबरी दिसते. तू तिला सोडून डोंगर चढलास.

आता महाभारताकडे येते, कारण कोसळण्याची इतकी धीट गोष्ट मी दुसरीकडे वाचलेली नाही. मौसलपर्वात यादव दारूच्या धुंदीत एकमेकांना मारून संपतात, कृष्ण जातो, आणि अर्जुन द्वारकेत पोचतो. उरलेत म्हातारे, बायका, मुलं. त्यांना घेऊन तो निघतो आणि मागे समुद्र द्वारका गिळत येतो. वाटेत आभीर हल्ला करतात, त्यांच्या हातात नुसत्या काठ्या. जगातला सगळ्यात मोठा धनुर्धर गांडीव कसंबसं ताणतो, अस्त्रं आठवायला जातो, एकही आठवत नाही. बाण संपतात. डोळ्यांदेखत बायका पळवल्या जातात. तुझ्या हिशेबाने अर्जुन आता पूर्ण मोकळा आहे: मित्र गेला, द्वारका बुडाली, शस्त्र चालत नाही. व्यास त्याला मोकळं सोडत नाहीत. उरलेल्यांना कुठे वसवायचं हे काम त्याच्या गळ्यात आहे, आणि तो ते करतो. कृतवर्म्याच्या मुलाला एकीकडे, सात्यकीच्या मुलाला सरस्वतीकाठी, वज्राला इंद्रप्रस्थात. हरलेल्या, थकलेल्या माणसाने केलेली ही वाटणी वाचताना मला कुरुक्षेत्राच्या अठरा दिवसांपेक्षा जास्त गलबलतं.

त्याच प्रसंगात एक अर्धी ओळ आहे. काही बायका ओढून नेल्या गेल्या, आणि काही आपल्या इच्छेने निघून गेल्या. व्यास एवढंच सांगतात आणि पुढे जातात. कोण होत्या या? द्वारकेच्या अंतःपुरात अशी कोणती गोष्ट होती की काठ्या घेतलेल्या लुटारूंबरोबर जाणं त्यांना बरं वाटलं? एका अख्ख्या संस्कृतीच्या अंताला कुणीतरी संधी म्हणून बघितलं. कोसळणं सगळ्यांना सारखं नसतं रे, एकाचा प्रलय ही दुसऱ्याची सुटका असू शकते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये महाभारताकडे या नजरेने पाहायला शिकवलं. १९६७ चं पुस्तक आहे. मिळाल्यास वाच, न मिळाल्यास ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात विचार. १८९३ पासून ते पुस्तकं देताहेत.

दुसरी गोष्ट शांतिपर्वातल्या आपद्धर्माची, म्हणजे संकटकाळच्या धर्माची. बारा वर्षं पाऊस नाही. गावं ओस, यज्ञ बंद, देवळं पडलेली, माणसं माणसांना खायला निघालेली. भुकेने मरायला टेकलेला विश्वामित्र एका चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याची तंगडी चोरायला रात्री शिरतो. चांडाळ जागा होतो, आणि पुढचा सगळा अध्याय म्हणजे दोघांचा वाद. गंमत अशी, की धर्म सांभाळण्याचा आग्रह चांडाळ धरतो आणि ऋषी म्हणतो, आधी जगू दे, जगलो तर धर्म करीन. ज्या माणसाला परंपरेने गावाबाहेर ठेवलं तो परंपरेची बाजू लढवतोय, आणि जिने ज्याला डोक्यावर बसवलं तो तिला मोडतोय. विश्वामित्र अखेर तंगडी घेऊन जातो. पण तोंडात घालण्यापूर्वी तो काय करतो, माहितीये? अग्नी पेटवून आधी देवांचा नि पितरांचा वाटा काढतो. चोरीचं, निषिद्ध अन्न, पोटात आग, आणि तरी आधी वाटा.

यावरून परंपरा महान असं मी म्हणणार नाही. तिचा हिशेब त्या झोपडीच्या मालकाच्या बाजूनेही मांडावा लागेल, आणि तो हिशेब भयंकर आहे. मला दिसतं ते एवढंच, की सगळं गेल्यावरही माणूस काहीतरी ठेवतो आणि काहीतरी टाकतो. काय ठेवतो आणि कुणाच्या जिवावर ठेवतो, यात कथा असते.

आता तुझ्या मिलकडे. १८५९ चं 'ऑन लिबर्टी', तिसरं प्रकरण. तू बाबांना ऐकवलंस ते त्यात आहे. पण त्याच प्रकरणात मिल असंही म्हणतो, की आपण येण्याआधी जगात कुणाला काही कळलंच नव्हतं अशा थाटात जगा म्हणणं मूर्खपणाचं ठरेल. आधीच्यांचा अनुभव शिकून घ्यावा, आणि मोठं झाल्यावर त्याचा अर्थ आपल्या परीने लावावा, हे त्याचं म्हणणं. बाबांशी वाद घालताना तू पहिलं वाक्य घेतलंस, दुसरं टेबलावर ठेवलंस. वादात सगळेच तसं करतात.

त्याच्या समोरच्या बाकावर ब्रिटिश राजकारणी एडमंड बर्क. फ्रान्समध्ये क्रांती चालू असताना, १७९० मध्ये, त्याने लिहिलं की समाज ही जिवंत, मेलेल्या आणि अजून जन्माला न आलेल्या माणसांमधली भागीदारी आहे. वाक्य सुंदर आहे. टॉमस पेनने पुढच्याच वर्षी त्याला उत्तर दिलं, की मेलेल्यांनी थडग्यातून जिवंतांवर राज्य करावं यासारखी उद्धट गोष्ट नाही. हेही खरं. या भांडणात कुणाची बाजू घ्यायची हे मला तरुणपणी कळत असे, आता वाचनागणिक बाजू बदलते. एक गोष्ट मात्र पक्की झाली आहे. भागीदारी म्हटली की सही कुणाची घेतली हे विचारायचं. तुझ्या घरच्या भागीदारीत तुझ्या बहिणीची सही नाही, हा तुझा मुद्दा बर्कलाही खोडता येणार नाही.

आणि या दोघांना एका वाक्यात बसवणारा माणूस आपल्याकडचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेच्या थॉमस जेफरसनचा दाखला दिला: प्रत्येक पिढी म्हणजे एक स्वतंत्र राष्ट्रच, ती बहुमताने स्वतःला बांधून घेऊ शकते, पण पुढच्या पिढीला बांधू शकत नाही. बाबासाहेब म्हणाले, हे केवळ खरं नाही, पूर्णपणे खरं आहे. आणि हे बोलत होते ते पुढच्या पिढ्यांसाठी घटना लिहून हातावेगळी करताना! १९२७ मध्ये महाडला ज्यांनी मनुस्मृती जाळली तेच आता एक नवा ग्रंथ मागे ठेवत होते. फरक त्यांनी तिथेच सांगितला, की हा ग्रंथ बदलण्याची वाट आम्ही ग्रंथातच ठेवली आहे.

तुझ्या कादंबरीचा दुसरा भाग मला इथे सापडतो. विहिरीवर एक नियम ठरतो, समज दर घरी चार हंडे. सगळे बसतात, भांडतात, ठरवतात. तो क्षण खऱ्या स्वातंत्र्याचा आहे, डोंगरावरच्या एकट्या नायकाला तो कधी मिळणार नाही. मग वीस वर्षं जातात. वीज नसताना जन्मलेली एक मुलगी विचारते, चारच का? तिला सांगतात, आपल्यात असंच असतं. तिच्या आईने जी गोष्ट मोकळेपणाने निवडली ती तिला रूढी म्हणून मिळाली. आता ती काय करते? मला तुझ्या नायकापेक्षा तिचं नाव जाणून घ्यायची जास्त घाई आहे.

बरं, पालखी.

बाबांचं ते वाक्य तू पत्रात लिहिलंस आणि लगेच तुमच्या अबोल्याकडे वळलास. मी तिथेच थांबले. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, १७ मार्च १९७० ला स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाजणात भराव पडला. सत्तर साली तुझे बाबा अगदी लहान असतील, पण जानेवारी १९८४ मध्ये ते जाणते असणार. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. तू कल्पनेने जे शहर मोडतोयस ते त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या शेतावर उभं राहिलं. त्यांच्यासाठी कोसळण्याची गोष्ट भविष्यात नाहीच. शेत गेल्यावर शेताशी बांधलेलं सगळं गेलं: कामाच्या वेळा, एकमेकांच्या बांधावर राबायला जाणं, कुठल्या घराचा शब्द कुठे चालतो ते. बरीच गावं आपापल्या जागी राहिली, भोवतालचं शिवार नाहीसं झालं. अशा गावात पालखी कोणत्या घरापासून निघते, कोणत्या गल्लीतून वळते, पहिला खांदा कुणाचा, हा जुन्या गावाचा शेवटचा नकाशा असतो. तू 'नाही' म्हणालास तेव्हा तुला वाटलं आपण देवाला नाही म्हणतोय. त्यांना काय ऐकू आलं असेल?

तरीही खांदा दे, असा सल्ला मी देणार नाही. दुःख मोठं असलं म्हणून माणसाचं म्हणणं आपोआप बरोबर ठरत नाही. पहिला खांदा हा मान आहे, आणि मान म्हटला की कुणाचा तरी दुसरा, कुणाचा तिसरा आणि कुणाचा नाहीच. तुमच्या गावात पालखीला कोण हात लावत नाही, हे कधी पाहिलंयस का? बहिणीवर थांबू नकोस, पुढेही बघ.

बहिणीचं मात्र मला तुझ्याशी जरा कडक बोलायचंय. तू बाबांना म्हणालास, तिला कधी कुणी विचारलं नाही. तू विचारलंस? अख्ख्या पत्रात तिचं एक वाक्य नाही. बाबांनी तिला मानातून वगळलं, तू तिला मुद्द्यात घेतलंस. दोन्ही वेळा ती खोलीत नव्हती. तिला खांदा हवा असेल, नको असेल, किंवा 'मला तुमच्या दोघांच्या भांडणात ओढू नका' असंही ती म्हणेल. तिला हवा असेल तर तुझा वाद तिथून खरा सुरू होतो, आणि तेव्हा तुला मिल लागणार नाही. तुमच्या लग्नांत धवलारीण असते. ती धवले गाते आणि तिच्या गाण्यावर विधी पुढे सरकतो; हा अधिकार तुमच्या समाजाने बाईच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या दिलेला आहे. ज्यांच्या मांडवात बाईच्या शब्दावर लग्न लागतं त्यांनी बाईच्या खांद्यावर पालखी का नको, याचं उत्तर द्यावं. गावातल्या वयस्कर धवलारणीला जाऊन भेट, बहिणीला घेऊन. या कामात तिच्यासारखा वकील तुला मिळायचा नाही, आणि ती विरोधात गेली तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

बहिणीला नको असेल तर तो मुद्दा वादातून काढून टाक. उरतो तुझा अविश्वास. तो प्रामाणिक आहे आणि तेवढा पुरेसा आहे. नाही म्हणण्याची परवानगी तुला माझ्याकडून नको, तुझ्याच लोकांकडून घे. अलिबागजवळ चरीला १९३३ मध्ये खोतांविरुद्ध संप झाला. नारायण नागू पाटील पुढारी, बहुसंख्य आगरी कुळं. १९३९ पर्यंत त्यांनी जमीन कसली नाही. सहा वर्षं! खोताचं ऐकायचं, हीही तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांची रीतच होती. हे बाबांना सांगितलंस तर ते बहुधा तुला माझ्यापेक्षा जास्त सांगतील. निदान बोलणं चावीच्या पुढे जाईल.

पण चरीच्या लोकांनी संपाची किंमत स्वतः भोगली. आगरकरांनीही भोगली. मिलचा हात धरून त्यांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, आणि पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तुझ्या बाबतीत कोण भोगणार आहे? जत्रेच्या दिवशी तू ऐरोलीला शिफ्ट लावून घेशील आणि पालखी उचलायच्या वेळी चारचौघांत 'पोरगा कुठाय' या प्रश्नाला दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस उत्तर देईल. हे मला पटत नाही. नकार द्यायचा तर जत्रेआधी गावकीच्या बैठकीला तू जा. उभा राहून सांग की मी खांदा देणार नाही, कारण हे, आणि आमच्या घराचा मान यंदा अमुक घराला द्यावा असं आम्ही सुचवतो. ते घर कोणतं, हे आधी बाबांशी बसून ठरव. ज्यांना आजवर पालखीजवळ जागा नव्हती त्यांच्यापैकी कुणी निघालं तर बैठकीत गोंधळ होईल. होऊ दे.

आणि समज, बाबांचं ऐकून घेतल्यावर, चौऱ्याऐंशी सालचं काही कानावर पडल्यावर तुला वाटलं की देव मानत नसलो तरी हा नकाशा मी एकदा चालून बघीन, तर बिनधास्त चाल. त्याने तुझा नास्तिकपणा बाटत नाही. बाबांना आधी सांग मात्र, की मी देवीसाठी नाही, तुमच्यासाठी उचलतोय. खोट्या श्रद्धेने दिलेला खांदा त्यांनाही नको असेल.

दोन्हींपैकी काय करायचं ते मी ठरवणार नाही. क्रम मात्र सांगते: आधी बहीण, मग बाबा, मग गावकी. आज उलट्या क्रमाने चाललंय, म्हणजे आधी मिल, मग बाबा, आणि बहीण कुठेच नाही.

कादंबरीची दोनशे पानं फाडू नकोस. शेवटची चाळीस, डोंगरावरची, बाजूला ठेव. नायकाला विहिरीपर्यंत खाली आण. चैत्राला अजून अवकाश आहे, तोवर एक प्रकरण होईल. पुढचं पत्र लिहिशील तेव्हा प्रकरण नाही पाठवलंस तरी चालेल, तुझी बहीण काय म्हणाली ते तेवढं कळव. तिच्याच शब्दांत.